कलामहर्षी बाबूराव पेंटर : सुताच्या रेषेपासून तैलचित्रापर्यंत

चिंचवड स्थानकावर लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले, म्हणजे आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, कामशेत ही स्थानके मागे टाकून गाडी मळवलीस येते. कार्ले-भाजे येथील लेण्यांसाठी प्रवासी येथे उतरतात. परंतु एके काळी या लहानशा गावाची आणखी एक ख्याती होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे याच मळवलीच्या परिसरात आला, आणि येथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी महाराष्ट्रातील घराघरांतून भिंतीवर चढल्या. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातही त्यांतील एखादी असेल. तैलरंगांतील चित्र कसे असते, त्यात दूरचे दूर व जवळचे जवळ कसे दिसते, वस्त्राची घडी व पाण्याची लकाकी रंगाने कशी साधते, हे सामान्य माणसाने प्रथम पाहिले ते अशा तसबिरींतून. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्याची ऐपत नसलेल्या कितीतरी होतकरू मुलांची शाळा तीच होती.

अशाच एका शाळेबाहेरच्या विद्यार्थ्याचे चरित्र आपल्या समाजातील कुटुंबांपुढे, विशेषतः तरुण वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर हे नाव उच्चारले, की लोकांना मराठी चित्रपटाचा आरंभकाळ आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हा पुरुष चित्रपटाकडे वळण्यापूर्वी चित्रकार होता व चित्रपट सोडल्यावरही चित्रकारच राहिला. ही चित्रविद्या त्याने कोठे व कशी मिळविली, याचा विचार आपल्यासारख्या कारागिरांच्या समाजाने अवश्य केला पाहिजे. कारण त्या विद्येचा पाया आपल्याच घरातील हत्यारांनी घातलेला होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. मेस्त्री हे आडनावच त्या घराचा व्यवसाय सांगते. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, चित्रकाम आणि हस्तिदंतावरील कोरीव काम, इतक्या कला त्यांच्या हाती होत्या. मुलाला शिक्षणासाठी घराबाहेर पाठविण्याचे कारण नव्हते, कारण घर हेच शिक्षणालय होते. औपचारिक कलाशिक्षण बाबूरावांना मिळाले नाही. वडिलांचे काम आणि वडीलबंधूच्या नात्याने सोबत असलेले चुलतबंधू आनंदराव, हे त्यांचे सहाध्यायी व गुरू होत. दोघेही पुढे पेंटर या नावानेच ओळखले जाऊ लागले. आडनाव मागे पडून विद्येनेच नाव द्यावे, यापेक्षा मोठी पदवी कोणती?

त्या काळचे कोल्हापूर कलावंतांना अनुकूल होते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत गायक, मल्ल, नट व चित्रकार यांना तेथे आश्रय मिळे. जे. जे. कलाशाळेत शिकून आलेले आबालाल रहिमान हे थोर चित्रकार त्याच नगरीत राहून कोटितीर्थाच्या परिसराची निसर्गचित्रे रंगवीत होते. १९०८ साली केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी निघाली. १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर उभारले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून प्रसिद्धी पावले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दुर्दैवाने आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. संगीत नाटकांच्या या भरभराटीबरोबर एका नव्या व्यवसायास मागणी आली. तो व्यवसाय म्हणजे रंगभूमीचे पडदे रंगविणे. सुमारे १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव हे पश्चिम हिंदुस्थानातील पडदे रंगविणाऱ्या चित्रकारांत अग्रगण्य मानले जात. मराठी संगीत मंडळ्यांप्रमाणेच गुजराती व पारशी नाटक कंपन्याही त्यांच्याकडून पडदे करून घेत.

येथे थोडे थांबून या पडद्याची विद्या समजावून घेणे आवश्यक आहे. तिचे स्वरूप कळल्यावाचून बाबूरावांचे शिक्षण कळणार नाही.

नाटक कंपनीजवळ काही ठरावीक पडदे असत. दरबार अथवा महाल, रस्ता, अरण्य आणि बाग. नाटक कोणतेही असो, नायक-नायिकेची भेट व्हावयाची ती बागेत. त्यामुळे बागेचा पडदा नाही अशी कंपनी विरळा. वरवर पाहता हा पडदा सर्वांत रम्य आणि म्हणून सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो अत्यंत कठीण असतो. अरण्यात झाड कोठेही उगवले तरी चालते, फांदी कशीही वाकली तरी प्रेक्षक तक्रार करीत नाही. राजाच्या बागेचे तसे नाही. तेथे सरळ रस्ते, समान वाफे, काटकोनात कातरलेली मेंदी, दुतर्फा सारख्या उंचीची सुरूची झाडे, मध्यभागी गोल हौद आणि त्यात कारंजे. मोगलांच्या चारबागेपासून शनिवारवाड्यातील हजारी कारंज्यापर्यंत आपल्याकडच्या आखीव बागांचे सौंदर्य मुळात भूमितीचे सौंदर्य आहे. ती भूमिती सपाट कापडावर यथादर्शन उतरली नाही, तर रस्ता भिंतीसारखा उभा राहतो, हौद अंड्यासारखा घरंगळतो आणि झाडे एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी दिसतात.

ही भूमिती कापडावर आणण्याची रीत मात्र सुताराच्या मुलास परकी नाही. प्रथम जाड कापडाचे पट्टे शिवून प्रचंड चादर करावयाची, ती ताणून बसवावयाची आणि खडू व सरस यांचा हात देऊन तिची छिद्रे बुजवावयाची. नंतर ओळंबा सोडून मध्यरेषा धरावयाची आणि प्रेक्षकाच्या डोळ्याच्या उंचीवर आडवी क्षितिजरेषा मारावयाची. मध्यरेषा व क्षितिजरेषा जेथे छेदतात, तेथे समोर पसरलेल्या बागेचा लोपबिंदू. त्या बिंदूवर एक खिळा ठोकून त्याला लांब सूत बांधावे. सुताला कोळशाची अथवा गेरूची पूड लावून ते रस्त्याच्या पुढील कडेवर ताणावे आणि चिमटीने उचलून सोडावे. फळी चिरण्यापूर्वी आपले वाडवडील जसे सूत मारीत, अगदी तसे. रस्त्याची डावी कड, उजवी कड, वाफ्यांच्या लांबीच्या रेषा, मेंदीच्या भिंतीची वरची धार, ज्या ज्या रेषा बागेत प्रेक्षकापासून सरळ दूर जातात, त्या सर्व त्या एका खिळ्याकडे धावतात.

राहिला प्रश्न झाडांच्या अंतराचा. झाडे समान अंतरावर आहेत, परंतु चित्रात ती अंतरे क्रमाने कमी होत गेली पाहिजेत. किती कमी? अंदाजाने केले तर फसते. त्यासाठीही साधी युक्ती आहे. पहिली दोन झाडे मनाजोगी काढून घ्यावी. दोहोंचे शेंडे जोडणारी व बुडे जोडणारी रेषा लोपबिंदूपर्यंत न्यावी. मग पहिल्या झाडाच्या शेंड्यापासून दुसऱ्या झाडाच्या बरोबर मध्यातून एक रेषा खाली उतरवावी. ती जमिनीच्या रेषेस जेथे मिळते, तेथे तिसऱ्या झाडाचे बूड. हीच क्रिया पुनःपुन्हा केली, की सुरूची सारी रांग आपोआप क्षितिजाकडे चालू लागते. गोल हौदासाठी आधी एक चौरस यथादर्शन काढावा, त्याचे कर्ण काढून मध्य शोधावा आणि मग त्याच्या चारही बाजूंस स्पर्श करणारे वर्तुळ बसवावे. ते वर्तुळ चपटे दिसते, पण डोळा त्यास गोलच मानतो.

एवढे साधल्यावर रंग. पडद्याचा रंग म्हणजे कोरडी पूड व सरसाचे पाणी. सफेता, पेवडी, गेरू, हिरमुजी, नीळ, काजळी, अशा थोड्या पुड्यांतून सारी सृष्टी उभी करावयाची. यात मोठी मेख अशी, की ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर पुष्कळ फिका पडतो. म्हणजे चित्रकाराने डोळ्यांपुढील रंगावर विश्वास न ठेवता उद्याच्या रंगावर ठेवावयाचा. आपल्यापैकी जे बांधव येथील ओतशाळांसाठी लाकडी पॅटर्न तयार करण्याच्या कामात आहेत, त्यांना हे चटकन कळेल. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. हाताखालची वस्तू आणि अखेरची वस्तू यांतील अंतर मनात धरून काम करणे, ही कारागिराची बुद्धी होय. पडदे रंगविणाऱ्यासही तीच लागते.

शिवाय पडद्याचे यथादर्शन बरोबर दिसते ते एकाच ठिकाणाहून. मध्यावर बसलेल्या प्रेक्षकास रस्ता खोल गेलेला दिसेल, कडेच्या प्रेक्षकास तो थोडा वाकडा वाटेल. नट पडद्याजवळ गेला, तर शेवटच्या लहानग्या सुरूशेजारी तो राक्षसासारखा भासेल. पडद्याच्या कलेची ही मर्यादा बाबूरावांच्या पुढील आयुष्यात फार महत्त्वाची ठरली. तिकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

पडदा हा दिव्याच्या प्रकाशात दुरून पाहण्यासाठी असतो, तर तैलचित्र हातभर अंतरावरून पाहिले जाते. म्हणून पडद्यावर तयार झालेल्या चित्रकाराला तैलरंगांपाशी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. बागेचेच उदाहरण पुढे चालवू. आखणी झाल्यावर पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा, आणि त्यात केवळ छाया व प्रकाश यांची वाटणी. तो वाळल्यावर वरचे थर क्रमाने अधिक तेलाचे. खाली तेलकट व वर पातळ असा उलटा क्रम केला, तर वरचा थर आधी वाळून पुढे त्यास तडे जातात. जवसाचे तेल सावकाश वाळते. हा दोष नसून वरदान आहे, कारण तेवढ्या अवधीत दोन रंगांची कड एकमेकींत विरघळविता येते. सरसाच्या रंगात हे सुख नाही.

नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत होते ती हिरव्या रंगापाशी. बाग हिरवी असते, म्हणून तो सर्वत्र हिरवाच रंग फासतो आणि चित्र पालेभाजीच्या टोपलीसारखे दिसू लागते. डोळे उघडून पाहिले, तर उन्हातील गवतात पिवळा अधिक, सावलीतील मेंदीत तांबूस व निळा मिसळलेला आणि दूरच्या सुरूत हवेचा निळसर पडदा उतरलेला. जवळचे गडद व स्पष्ट, दूरचे फिके व मृदू. पान-पान रंगविण्याऐवजी झाडाचा एकंदर आकार धरून त्याची उजेडाची बाजू व सावलीची बाजू वेगळी करावी. पाने मग पाहणाराच आपल्या मनाने घालतो. कारंज्याचे पाणीही सफेत्याने काढता येत नाही. त्याच्या मागे पुरेसा काळोख असेल, तरच एका हलक्या फटकाऱ्याने ते उसळते.

बाबूरावांच्या तैलचित्रांकडे पाहिले म्हणजे या दोन्ही शाळांचा संस्कार त्यांत एकत्र झालेला दिसतो. बांधणी पडदेकाराची, म्हणजे भक्कम व मोजून केलेली. रंगलेपन मात्र अत्यंत मृदू, कडा धूसर व वातावरण काव्यमय. त्यांचे ‘जलवाहिनी’ हे चित्र याच वृत्तीसाठी रसिकांच्या स्मरणात राहिले आहे. आकृती आणि तिच्या भोवतीची हवा एकमेकींत मिसळून जावीत, ही तैलरंगांची खास किमया त्यांनी पूर्णपणे आत्मसात केली होती. कोणत्याही कलाशाळेची परीक्षा न देता त्यांनी येथवर मजल मारली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या दोन्ही बंधूंच्या मनाने वेगळी दिशा घेतली. चित्र चालते-बोलते नव्हे, तरी चालते करता येते, ही कल्पना चित्रकारास वेड लावणारीच होती. आरंभी त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. त्याबरोबर स्वतःच कॅमेरा तयार करण्याची खटपट सुरू झाली. परदेशी यंत्र विकत घेण्याइतके धन जवळ नव्हते, आणि यंत्र उघडून पाहिले म्हणजे ते करता येते, असा कारागिराचा आत्मविश्वास मात्र होता. या उद्योगात असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांचे वय त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे. ज्याच्या जोडीने सूत धरले, ज्याच्या शेजारी उभे राहून पडदे रंगविले, तो बंधू गेला. सामान्य मनुष्य येथे खचला असता. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे चालविले आणि १९१८ साली तो कॅमेरा सिद्ध झाला.

त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या द्रव्यसाहाय्यामुळे. हे येथे मुद्दाम लिहीत आहे. एखाद्या समाजाची स्मरणिका जेव्हा आपल्या परंपरेतील थोर पुरुषाचे चरित्र सांगते, तेव्हा सारे श्रेय घरातच वाटून घेण्याचा मोह होतो. बाबूरावांच्या चरित्राशी तो अन्याय ठरेल. त्यांना पैसा दिला एका गायिकेने. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या फत्तेलाल यांचा धर्म वेगळा, दामले व शांताराम यांची कुळे वेगळी. ‘सैरंध्री’ या चित्रपटात गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या, त्या काळी असे धाडस करणाऱ्या स्त्रीस समाजाचा रोष सोसावा लागे, आणि त्यांनी तो सोसला. विद्या आपल्या घरात जन्मली असेल, पण ती वाढली अनेकांच्या अंगणात. हे मान्य केल्याने आपल्या अभिमानास उणेपणा येत नाही.

‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता, की प्रेक्षक भयभीत झाले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. त्यानंतर ‘सिंहगड’ १९२३ साली, ‘कल्याण खजिना’ व ‘सती पद्मिनी’ १९२४ साली आणि शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची करुण कथा सांगणारा ‘सावकारी पाश’ १९२५ साली आला. ‘सावकारी पाश’मध्ये पिचलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

या यशाचे चित्रपटाच्या दृष्टीने मूल्यमापन जाणकारांनी केलेच आहे. आपल्या विषयास धरून एकच गोष्ट सांगावयाची. त्या काळी चित्रपटातही नाटकाप्रमाणे रंगविलेले पडदे मागे टांगून चित्रण होत असे. चित्रण उघड्यावर, सूर्यप्रकाशात चाले. वारा आला की पडदा हलावयाचा आणि पडद्याबरोबर राजवाडा अथवा बागही हलावयाची. जो मनुष्य पश्चिम हिंदुस्थानात उत्तम पडदे रंगविण्यासाठी नावाजलेला होता, त्यानेच चित्रपटातून पडदा काढून टाकला. त्याच्या जागी त्याने खांब, कमानी, पायऱ्या व भिंती असलेली खरी, भरीव दृश्ये उभारली, ज्यांत पात्रे आत-बाहेर वावरू शकत. ज्या विद्येने आपणास नाव दिले, तिची मर्यादा सर्वांच्या आधी ओळखणे आणि तिला निरोप देणे, यास मोठे मन लागते. पडद्याजवळ गेलेला नट राक्षसासारखा का दिसतो, हे ज्याने कोळशाच्या सुताने अनुभवले होते, त्यालाच भरीव दृश्याची गरज कळली. कॅमेऱ्याचा डोळा प्रेक्षकाप्रमाणे भोळा नाही, हे त्याच्या ध्यानात आले.

तथापि चित्रकला त्यांनी टाकली नाही. चित्रण करण्यापूर्वी ते पात्रांचे वेष, त्यांच्या हालचाली व प्रसंगाची मांडणी यांची रेखाटने करीत. आपल्या चित्रपटांची जाहिरातचित्रेही ते स्वतः रंगवीत, आणि त्या भव्य चित्रांपुढे लोक खिळून उभे राहत. कृत्रिम प्रकाशाचा उपयोगही त्यांनी चित्रकाराच्याच दृष्टीने केला. उजेडाची बाजू व सावलीची बाजू वेगळी करणे हा कुंचल्याचा धडा आता त्यांनी दिव्यांकडून गिरवून घेतला.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृती शिष्यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. थोड्याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनीचे कार्य थांबले. शिष्यांचे वैभव वाढत असता गुरूचे दुकान मिटावे, हा प्रसंग कोणासही कटू वाटेल. परंतु त्या शिष्यांच्या हाती जी विद्या होती, तिचे मूळ कोठे होते, हे महाराष्ट्र विसरला नाही. १९३३ साली प्रभात पुण्यास आली. दामले व फत्तेलाल यांनी १९३६ साली निर्माण केलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. आपल्या पिंपरी-चिंचवडपासून अगदी जवळ असलेले देहू गाव, इंद्रायणीचा काठ व वाण्याचे ते साधे घर जगापुढे उभे करणारे हात कोल्हापूरच्या मेस्त्रींच्या कारखान्यात तयार झाले होते. या दृष्टीने पाहता बाबूरावांचे आपल्या भागावरही ऋण आहे. प्रभातच्या त्याच वास्तूत १९६० साली चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली.

बाबूराव पुन्हा कोल्हापुरात आपल्या कुंचल्याकडे व मातीकडे वळले. अधूनमधून त्यांनी बोलपटही केले. १९३५ सालचा ‘उषा’ व १९३७ सालचा ‘प्रतिभा’ ही त्यांची नावे होत. परंतु अखेरच्या पर्वातील त्यांचे चित्त तैलचित्रांत व शिल्पांत रमले. त्यांचे पुत्र रवींद्र मेस्त्री हेही चित्रकार व शिल्पकार म्हणून नावारूपास आले. वडिलांपासून मुलाकडे विद्या जाण्याची जी रीत कृष्णरावांनी आपल्या घरात घातली होती, ती अशी तिसऱ्या पिढीपर्यंत चालली. १६ जानेवारी १९५४ रोजी या कलामहर्षीने कोल्हापुरात देह ठेवला.

त्यांच्या कार्यापैकी आज काय उरले, असे कोणी विचारील. रंगभूमीचे पडदे गुंडाळता-उलगडता झिजून जातात, ते टिकत नाहीत. त्यांचे बहुतेक मूकपटही काळाच्या उदरात गेले. काही तैलचित्रे व शिल्पे उरली आहेत. पण त्यांनी दिलेला खरा ठेवा निराळाच आहे. हाताचे काम करणाऱ्याच्या घरात बुद्धीचे सर्व साहित्य असते, हे त्यांनी आपल्या जीवनाने सिद्ध केले.

आज ही गोष्ट आपणास का आठवावी? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. त्यानंतरच्या दशकात आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे यंत्रांचा घडघडाट सुरू झाला आणि पुढे तो चाकणपर्यंत पोहोचला. गावोगावचे आपले बांधव रंधा व करवत घेऊन या भागात आले व कारखान्यांत स्थिर झाले. त्यांनी मुलांस शिकविले. मुले कार्यालयांत गेली, संगणकावर आराखडे काढू लागली. हे सारे आनंदाचे आहे. पण या प्रगतीबरोबर एक चमत्कारिक लाजही घरात शिरली. आजोबांचा गुण्या माळ्यावर, ओळंबा भंगारात, आणि मुलगा वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढू लागला, तर त्याच्या अभ्यासाची काळजी. ज्या हातांनी आपणास येथवर आणले, त्या हातांचीच आपणास लाज वाटू लागली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा.

प्रत्येक मुलाने चित्रकार व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु शाळेतील एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस मुलांना, आणि मुलींनाही, आवर्जून बसवावे. सुटीच्या दिवशी निगडीच्या भक्ती-शक्ती उद्यानात अथवा घराजवळच्या कोणत्याही बागेत त्यांना न्यावे. सरळ रस्त्याच्या टोकाशी बसवून दोन्ही कडा कोठे एकत्र येतात ते पाहावयास सांगावे. आजोबा हयात असतील, तर त्यांनी नातवंडास सूत मारून दाखवावे आणि नातवंडाने त्याच सुताने कागदावर रस्ता आखावा. पहिले झाड वेडेवाकडे येईल, दुसरे थोडे बरे येईल, आणि तिसऱ्याची जागा ती रेषा स्वतःच दाखवील. तेव्हा घरातील जुनी विद्या व पुस्तकातील नवी विद्या या दोन नसून एकच आहेत, हे त्या लेकरास शिकवावे लागणार नाही.

सुतापासून आरंभ करून पडदा, पडद्यापासून तैलचित्र, तैलचित्रापासून चित्रपट आणि अखेर पुन्हा चित्रफलक, असा प्रवास करणाऱ्या या थोर कारागिराच्या स्मृतीस आपणा सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन.